स्पिरिटला पहारा, कामगार वाऱ्यावर

सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. मळीपासून स्पिरिट गाळणाऱ्या आसवन्याही येथे आहेत. या स्पिरिटच्या थेंबाथेंबावर शासनाचा डोळा असतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना, १९५९ चे डिनेचर्ड स्पिरिट नियम, नोंदवह्या, वाहतूक पास असा बंदोबस्त आहे. तो नको असे कोणीही म्हणणार नाही. २०१५ साली मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरावर गोरगरिबांचे बळी घेतले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही.

परंतु स्पिरिट चोरीस जाते, तसे ते पेटतेही. शुद्ध इथेनॉलची वाफ सुमारे १३ अंशांवरही ठिणगीने पेट घेते. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. ही वाफ हवेहून जड, म्हणून जमिनीलगत साचते. ज्योत दिवसा धड दिसत नाही आणि साधा अग्निशामक फेस तिच्यावर टिकत नाही. यासाठीच टाकीभोवती बांध, अर्थिंग आणि अल्कोहोलवर टिकणारा फेस आवश्यक ठरतो. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याच्या आगीत आठ जीव गेले. तेथे तर केवळ सूत आणि कापड होते!

१९४८ च्या कारखाने कायद्याचे ३७ वे कलम ज्वालाग्राही द्रव्याची टाकी निर्धोक केल्यावाचून तिच्यावर वेल्डिंग करण्यास मनाई करीत होते. भोपाळनंतर, १९८७ साली, धोकादायक उद्योगांत कामगारांचा सहभाग असलेली सुरक्षा समिती सक्तीची झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. तीत समितीची स्थापना सरकारी आदेशावर सोपविली आहे आणि निरीक्षकाला मालकाचा ‘सुविधाकार’ही बनविले आहे. हजारो मृतदेहांच्या किमतीवर मिळालेला हक्क आता सरकारच्या मर्जीवर!

२३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने औद्योगिक अल्कोहोलवरील राज्यांचा अधिकार मान्य केला. महसुलासाठी तो अधिकार हवा, तर सुरक्षेची जबाबदारी का नको? प्रत्येक परवानाधारक साठ्याच्या ठिकाणी कामगारांनी निवडलेली सुरक्षा समिती असावी, तपासणीचा अहवाल दरवाजावर लावावा आणि कंत्राटी कामगारासही त्याच्या भाषेत प्रशिक्षण द्यावे. या तीन अटी पुऱ्या झाल्याशिवाय परवान्याचे नूतनीकरण होता कामा नये. ही मागणी घेऊन कार्यकर्त्यांनी कारखान्यांच्या दारांशी उभे राहिले पाहिजे, आणि तेही टाकी पेटण्यापूर्वी.