पहिलीच्या आधींचीं सहा वर्षें

जून महिना लागला कीं आपल्या गांवोगांवीं दोन कामांची एकदम घाई उडते. एक पेरणीची आणि दुसरें मुलाचें नांव शाळेंत घालण्याचें. पेरणीविषयीं आपणांस कोणी शिकवावें लागत नाहीं. ज्या शेतास उन्हाळ्यांत नांगर लागला नाहीं, कुळवाच्या पाळ्या मिळाल्या नाहींत, शेणखत पडलें नाहीं, त्यांत कितीही उंची बियाणें टाकलें तरी उगवण विरळ होणार, हें आपण जाणतों आणि त्याचा सर्व दोष बियाण्यावर लादीत नाहीं. मुलाच्या बाबतींत मात्र आपला न्याय उलटा असतो. पहिलींत बसलेलें मूल दोन महिन्यांत मागें पडलें कीं "पोराच्या डोक्यांत कांहीं शिरत नाहीं" किंवा "मास्तर शिकवीत नाहीं" असे दोनच निकाल आपल्या तोंडीं येतात. आधींच्या सहा वर्षांत मशागत काय झाली, हें कोणी विचारीत नाहीं. तें विचारलें जावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मी कांहीं शिक्षणशास्त्राचा पंडित नव्हे. मराठी शाळेंत शिकलों आणि महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. परंतु नोकरींत एक गोष्ट वारंवार पाहिली. चार-पांच इयत्ता शिकलेला खातेदार सातबाऱ्याचा उतारा हातीं घेऊन शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाही. अक्षर ओळखूं यावें, पण वाचलेल्याचा अर्थ लागूं नये, अशी त्याची स्थिति. आतां तर पीक पाहणीची नोंददेखील शेतकऱ्यानें आपल्या मोबाइलवर स्वतः करावयाची आहे. कच्च्या वाचनावर निभाव लागण्याचे दिवस राहिले नाहींत.

या बाबतींत घडलेली माझीच चूक सांगतों. थोरला मुलगा साडेतीन वर्षांचा होतांच मीं त्याच्यापुढें पाटी ठेविली. कारकुनाच्या मुलाचें अक्षर वळणदार असावें, हा माझा हट्ट. रोज सायंकाळीं अक्षरें गिरवून घेई आणि चुकल्यास बोटांवर पट्टी बसे. शाळेंत जाण्यापूर्वींच त्यानें पाटीचा धसका घेतला व तो जाण्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं. धाकट्या मुलीच्या वेळीं माझी बदली दूरच्या तालुक्यास झाली. ती आजीच्या संगतींत वाढली. आजी निरक्षर होती. परंतु भुईमुगाच्या शेंगा निवडतांना ती नातीस एकदाणी व दोनदाणी शेंगा वेगळ्या करावयास लावी. रात्रीं गोष्ट सांगे आणि दुसऱ्या दिवशीं तीच गोष्ट नातीच्या तोंडून ऐके. खळ्यावर माप चाले तेव्हां "लाभ, दोन, तीन" असें मोजणेंही मुलगी तेथेंच शिकली. पहिलींत गेली तेव्हां तिला एकही अक्षर येत नव्हतें. तरी दिवाळीच्या सुटीपूर्वीं ती वाचूं लागली. एका घरच्या दोन मुलांवरून नियम बांधूं नये, हें मला मान्य आहे. पण या विषयाचे जाणकार सांगतात तें याहून फारसें निराळें नाहीं.

ते सांगतात कीं, सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारें नऊ-दशांश होतो. या काळांत मूल जें ऐकतें, हाताळतें, खातें आणि ज्या मायेंत वाढतें, त्यावर पुढील शिकण्याचा पाया बसतो. म्हणून शाळेची तयारी म्हणजे अक्षरें घोटणें नव्हे. सांगितलेलें लक्ष देऊन ऐकणें, मनांतलें पूर्ण वाक्यांत बोलणें, वस्तु एक-एक करून मोजणें, आपली पाळी येईपर्यंत थांबणें, आईवांचून चार तास चार मुलांत रमणें आणि बोटांत पेन्सिल धरण्यापुरतें बळ येणें, ही खरी तयारी होय. ती मातींत, खेळांत आणि बोलण्यांत होते.

अन्नाचा विचार त्याहून महत्त्वाचा. सन २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत पांच वर्षांखालील शेंकडा ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं आणि सहा महिने ते पांच वर्षांच्या वयांतील शेंकडा ६८ हून अधिक मुलांच्या अंगांत रक्त कमी होतें. रक्त कमी असलेलें मूल लवकर थकतें, त्याचें लक्ष टिकत नाहीं. मग आपण त्याला मठ्ठ म्हणतों. धान्य पिकविणाऱ्यांच्या घरांतही हें आढळावें, ही लाजेची गोष्ट आहे.

यावरचा मार्ग आपल्याच मातींत निघालेला आहे. भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनीं सन १९४५ मध्यें बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. महागड्या परदेशी साधनांऐवजीं खडे, पानें, बिया, शंख-शिंपले यांचा उपयोग त्यांनीं केला. वस्तींतील मुलें बालवाडीपर्यंत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं बालवाडीच मुलांच्या अंगणांत नेली. अंगणवाडीचा उगम तेथला. सन १९५७ मध्यें हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांतच शाळा भरविली, तिचें नांव कुरणशाळा. पुढें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हें नांव देशभर गेलें.

आज अंगणवाडी बहुतेक गांवांत आहे. परंतु जमीनदार शेतकरी तिच्याकडे "गरिबांची खिचडी" म्हणून पाहतो आणि आपलें तीन वर्षांचें मूल गाडींत बसवून तालुक्याच्या इंग्रजी बालवर्गांत पाठवितो. ज्या भाषेंत मूल घरीं बोलत नाहीं त्या भाषेंत तें तेथें मुकें होऊन बसतें. शिवाय गांवांतील वजनदार माणसांचीं मुलें अंगणवाडींत नसल्यामुळें तिचें छप्पर गळतें कीं काय, पाणी आहे कीं नाहीं, हें ग्रामसभेंत विचारणारा कोणी उरत नाहीं.

कायद्याची भाषा वाचण्याची मला संवय आहे, म्हणून एक भेद सांगतों. सन २००२ च्या घटनादुरुस्तीनें सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शिक्षणाचा हक्क दिला. सहा वर्षांखालील मुलासाठीं मात्र राज्य "प्रयत्न करील" एवढेंच म्हटलें. हक्क कचेरींत मागतां येतो. प्रयत्नाचा पाठपुरावा गांवासच करावा लागतो.

कोणी म्हणेल, आमचे आजे-पणजे कोठें बालवाडींत गेले होते? खरें आहे. पण त्यांच्या घरांत आजी होती, चुलत भावंडें होतीं, मोठें अंगण होतें. आतां मळ्यावर एकटें घर, आई-बाप खुरपणीला, आणि मूल बाजेवर मोबाइल घेऊन बसलेलें. जुनें अंगण मोडलें, तर त्याच्या जागीं कांहींतरी उभें केलेंच पाहिजे.

आपल्या सभासदांस माझ्या तीन सूचना आहेत. महिन्यांतून एकदां प्रत्येकानें, विशेषतः बापानें, अंगणवाडींत जाऊन आपल्या मुलाचें वजन व उंची नोंदलेली पाहावी आणि तेथें काय शिकवितात तें बसून ऐकावें. दुसरी, रोज रात्रीं पाव घटका मोबाइल बाजूस ठेवून मुलाशीं बोलावें. खर्च कांहींच नाहीं. तिसरी थोडी अवघड आहे. तोडणीस, लावणीस आपल्या शेतांत जीं कुटुंबें येतात, त्यांचीं मुलें बांधावर उन्हांत बसलेलीं आपण रोज पाहतों. त्यांना सावली, पाणी आणि लक्ष ठेवणारी एक बाई देणें व गांवच्या अंगणवाडींत त्यांना बसूं देण्याविषयीं सेविकेस सांगणें, हें काम देणाऱ्याचेंच कर्तव्य आहे. त्यांचीं आणि आपलीं मुलें उद्यां एकाच गांवांत, एकाच पाण्याच्या पाळीवर नांदणार आहेत.

दहावीच्या शिकवणीस आपण हजारो रुपये देतों. तो खर्च उभ्या पिकावरचा आहे. हंगाम गेल्यावर केलेली मशागत उपयोगी पडत नाहीं, हें शेतकऱ्यास मीं काय सांगावें? पुढील जूनमध्यें ज्यांचें मूल पहिलींत बसावयाचें आहे, त्यांच्या हातीं अजून वर्ष आहे. तेवढें त्यांनीं वायां घालवूं नये, हीच विनंति.