लग्न झालंय, पुरावा जोडा!

रात्रीचे साडेअकरा. घाटनांदूरच्या घरात सगळे गाढ झोपलेत, स्टेशनाकडून गाडीचा भोंगा ऐकू येतोय आणि मी स्वयंपाकघरात लॅपटॉप मांडीवर घेऊन स्वतःच्याच लग्नाचे पुरावे गोळा करतेय. होय, पुरावे! नवरा मेलबर्नला पर्मनंट रेसिडेंट, मी पुण्यात फ्रीलान्स पत्रकार आणि सासर हे असं बीड जिल्ह्यातलं. लग्नाला चौदा महिने झाले. त्यातले एकत्र काढलेले दिवस सत्तेचाळीस. (मोजलेत. फॉर्म भरायला बसलं की सगळंच मोजावं लागतं.)

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑस्ट्रेलियाबाहेरून अर्ज करणाऱ्या नवरा-बायकोसाठी पार्टनर व्हिसा असतो, सबक्लास ३०९ आणि १००. अर्ज एकदाच, फी एकदाच (नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर, म्हणजे पाच लाखांहून जास्त रुपये!), पण पायऱ्या दोन. आधी तात्पुरता व्हिसा. मग अर्जाच्या तारखेपासून साधारण दोन वर्षांनी ते पुन्हा बघणार, की बुवा हे दोघं अजून एकत्र आहेत ना? तेव्हा कुठे कायमचा. संसार तीन वर्षांचा असेल, किंवा मूल आणि दोन वर्षं, तर थेट कायमचा मिळू शकतो. आम्ही नापास.

नातं खरं आहे की नाही हे चार गोष्टींवरून ठरतं. पैसा, घर, समाज आणि बांधिलकी. १९९४ च्या त्यांच्या नियमावलीत तसं लिहूनच ठेवलंय.

पैसा. जॉइंट अकाउंट नाही. तो पैसे पाठवतो ते सासऱ्यांच्या खात्यात, आणि माझे चेक कधी येतात हे मलाच माहीत नसतं.

घर. भांडी कोण घासतं, घरकाम कसं वाटून घेता, हे लिहायचं. सत्तेचाळीसपैकी अकरा दिवस तर आम्ही नातेवाइकांकडे जेवत होतो आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरीपासून परळीच्या वैजनाथापर्यंत देव करत होतो. भांडी घासायला मिळालीच कुठे?

समाज. इथे मात्र आपण दणक्यात पास, असं वाटलं होतं. सहाशे पान उठलं! पण अल्बम उघडला तर एकाही फोटोत आम्ही दोघंच नाही. मध्ये कायम एखादी आत्या. आणि आमचे चेहरे रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे.

शिवाय नावाचा घोळ आहेच. पासपोर्टवर माहेरचं नाव, ग्रामपंचायतीच्या लग्न दाखल्यावर सासरचं आडनाव आणि लग्नात ताम्हणातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं तिसरंच. फॉर्म विचारतो, 'तुम्ही कधी दुसऱ्या नावानं ओळखल्या जात होता का?' काय सांगू? एक दिवस, अर्धा तास.

अशी शंका घेणारे ते एकटेच नाहीत म्हणा. ब्रिटनमध्ये तर १९९७ पर्यंत जोडीदाराला सिद्ध करावं लागायचं की लग्नामागचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये घुसणं हा नाही. नसलेला हेतू सिद्ध करायचा! कॅनडानं २०१२ मध्ये नव्या जोडप्यांना दोन वर्षं एकत्र राहायची अट घातली आणि २०१७ मध्ये काढून टाकली. मधल्या काळात किती जणी त्रास सोसत गप्प राहिल्या असतील, या विचारानं अंगावर काटा येतो.

आता खरं सांगते. टेन्शन कागदांचं नाहीच. फॉर्म विचारतो, 'नातं कसं वाढत गेलं?' आणि मी अडकते. पोहे, चाळीस मिनिटं, होकार. एवढंच? त्या अधिकाऱ्याला पडेल तो प्रश्न मध्यरात्री मलाही पडतो. सत्तेचाळीस दिवसांच्या ओळखीवर मी सगळं सोडून कुणाकडे निघालेय?

कॉल लॉग चाळताना एक नोंद सापडली. ऑगस्टमधली, सहा तास बारा मिनिटं. मी तापानं फणफणले होते, पुण्याच्या खोलीत एकटी. 'फोन ठेवू नकोस, नुसता उशाशी असू दे,' म्हणाला. माझे रात्रीचे अकरा म्हणजे त्याचे पहाटेचे साडेतीन. त्याची ऑफिसची वेळ होईपर्यंत तो माझा श्वास ऐकत बसला होता. अधिकाऱ्याला वाटेल, किती बोलतात! आम्ही एक शब्दही बोललो नव्हतो.

तेवढ्यात सासूबाई उठून आल्या. "काय करायलीस गं एवढ्या रात्री?" सगळं सांगितलं. त्या हसल्याच. "सहाशे माणूस जेवून गेलं, अजून काय पुरावा पाहिजे त्यांना?" मग म्हणाल्या, "आपल्याकडं ऊसतोडीला जोडीनं जातेत. मुकादम त्या दोघांना मिळून एक कोयता म्हणतो. उचल पण जोडीलाच. त्यांला कोण विचारतंय कागद?" खरंय. या जिल्ह्यातून दर वर्षी हजारो जोडपी फडावर जातात. त्यांच्या कष्टांची सर माझ्या टेन्शनला नाही. पण 'दोघं मिळून एक' याचा हिशोब जगात वेगवेगळा होतो, हे मात्र त्या रात्री कळलं.

मग त्यांनी कपाटातून आहेराची वही काढून दिली. एक्कावन्न, एकशे एक, स्टीलचा डबा... प्रत्येकाचं नाव, गाव. 'समाज' या मथळ्याखाली मी ती अख्खी स्कॅन केली. सोबत तो कॉल लॉग आणि दोन ओळी, त्या रात्री काय झालं ते.

जाता जाता फुकटचा सल्ला. लग्न ठरत असेल तर नोंदणी लगेच करा. सगळ्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा, असं सुप्रीम कोर्टानं राज्यांना २००६ मध्येच सांगितलंय, तेही नेमकं १४ फेब्रुवारीला! सगळ्या कागदांवर नाव एकच ठेवा, तिकिटं फेकू नका. आणि मधल्या आत्याला बाजूला करून एक तरी फोटो दोघांचाच काढा.

आमचा अर्ज गेलाय. स्टेटस 'मिळाला' एवढंच दाखवतंय. सासूबाई रोज फोनवर विचारतात, "पास झालीस का?"

नाही हो आई. पेपर तेवढा खरा लिहिलाय.