अंगणातला स्विमिंग पूल

वीकेंडला पुण्याला घरी गेले, तर आजी हॉलमधल्या दिवाणावर. तिच्या खोलीची भिंत खालपासून ओली! आणि कल्प्रिट कोण? अस्मादिक. स्कूटी लावायला चिखल नको, म्हणून उन्हाळ्यात हट्टाने अंगणभर टाइल्स मीच बसवून घेतल्या होत्या. लुक एकदम कूल. पाऊस आला आणि सगळं पाणी भिंतीशी.

गवंडीकाकांनी नळीत पाणी भरून लेव्हल बघितली. ‘ताई, उतार घराकडंच दिलाय की!’ तो हवा बाहेरच्या बाजूला, मीटरला निदान दोन सेंटिमीटर. मला वाटलं, टाइल्स उखडल्या की पाणी जिरेल. पण खाली काळी माती. ती भिजून फुगली की पाणी आत घेतच नाही. मग भिंतीपासून जरा लांब उतरता चर खणला. त्यात भोकांचा पीव्हीसी पाइप, भोवती खडी, खडीत माती शिरू नये म्हणून कापड. पाइपचं तोंड पावसाळी गटारात. (संडासाच्या चेंबरला जोडू नका हं. ते तुंबलं तर... जाऊ दे!)

दोन शनिवार आणि गोव्याच्या ट्रिपचे पैसे गेले. पाणी आता थांबत नाही. भिंत मात्र अजून वाळतेय, त्यामुळे रिमोट आजीकडे.