झाडं आड येतात म्हणे!

परवा गोंदियाला एका लग्नात, जेवणाच्या रांगेत, एक गृहस्थ भेटले. नुकतेच बोत्सवाना आणि दक्षिण आफ्रिका करून आलेले. एका हातात ताट, दुसऱ्या हातात मोबाइल, मोबाइलवर बिबट्या. मी सालेकसाचा आहे म्हटल्यावर हळहळले. "तुमच्याकडे जंगल असून उपयोग काय हो? चार वेळा नागझिऱ्याला गेलो. झाडं आड येतात, काही दिसतच नाही."

त्यापुढचं जेवण मला गोड लागलं नाही. आमच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. झाडीपट्टीत येऊन झाडी आड येते म्हणणारा माणूस उद्या कोकणात जाऊन समुद्र ओला आहे म्हणून कुरकुर करील.

त्यांचं म्हणणं असं : तिकडे तीन दिवसांत 'बिग फाइव्ह' दिसतात म्हणजे दिसतातच. पाहुणे मोजके, भाडं जबर, म्हणून गर्दी नाही. त्या पैशावर जंगल टिकतं, आसपासच्या लोकांना रोजगार मिळतो. मावळतीला गवतात टेबल मांडून गारेगार पेय हातात देतात. सबब आपणही जंगलातली गावं हलवावीत आणि चार आलिशान लॉज बांधावेत.

गार पेयाला माझी हरकत नाही. गर्दीचं तर मान्यच; वाघामागे लागलेला जिप्सींचा ताफा मीही पाहिलाय आणि मान खाली घातलीय. राहिलं गावं हलवण्याचं. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर टोकाला मकुलेके लोकांची जमीन होती. 1969 साली त्यांना तिथून उठवलं. 1998 साली त्यांनी ती हक्काने परत मिळवली, आणि त्यानंतरच तिथल्या लॉजच्या उत्पन्नात त्यांचा वाटा आला. गृहस्थांच्या मोबाइलमध्ये याचा फोटो नव्हता.

पण माझं खरं भांडण त्या 'दिसण्या'शी आहे. 'बिग फाइव्ह' ही यादी केली कोणी? शिकाऱ्यांनी. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस हे पाच पायी मारायला सर्वांत धोक्याचे. म्हणून त्यात रानम्हैस आहे आणि एवढा उंच जिराफ नाही. बंदूक जाऊन कॅमेरा आला, यादी मात्र तीच, आणि रात्री शेकोटीभोवती 'आज किती झाले' हा हिशेबही तोच. तिकडचा मुलूख गवताळ, उघडा. सिंह लांबून दिसतो यात लॉजवाल्याचं कर्तृत्व किती? शिवाय वायरलेसवर एक वाटाड्या दुसऱ्याला सांगतो, सिंह अमक्या झुडपाखाली आहे. एवढे पैसे मोजल्यावर सिंहाला हजेरी लावावीच लागते. आमचा वाघ बांबूच्या रांजीत बसून राहतो, कारण लपून राहणं हाच त्याचा धंदा. तो दिसला नाही म्हणजे जंगल नापास, हे कुठलं गणित?

मारून मोजण्याची हौस आपल्यालाही होतीच म्हणा. देशातले शेवटचे तीन चित्ते 1947 साली कोरिया संस्थानात एकाच रात्री गोळी घालून आडवे केले. हा कोरिया म्हणजे आमच्या शेजारच्या आजच्या छत्तीसगडमधला. पुढे 2022 साली नामिबियाहून आठ चित्ते विमानाने मध्य प्रदेशातल्या कुनोत आणावे लागले. तेव्हा आफ्रिकेचं ऋण मी नाकारत नाही.

मग आमच्याकडे आहे काय? सारस आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच. महाराष्ट्रात तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरलाय, आणि कुंपणाआड नाही, चक्क धानाच्या बांधीत घरटं करतो. तेवढा धान शेतकऱ्याला सोडावा लागतो. त्यासाठी कोणी त्याच्या हातात गार पेय देत नाही.

आणि मोह आहे. मार्चमध्ये झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करतात. पहाटे फुलं टपटप पडतात : फिकट पिवळी, गुबगुबीत, बोटाला चिकटणारी. उन्हात वाळली की मनुकांसारखी तांबूस होतात. अस्वलालाही ती आवडतात, म्हणून बाया टोपल्या घेऊन निघाल्या की मुद्दाम मोठ्याने बोलत जातात. त्यांना अस्वल 'दिसायला' नको असतं. रात्री ते कोणत्या झाडाखाली येऊन गेलं हे त्या खाली पाहून सांगतात. जंगल पाहणं मी याला म्हणतो.

त्या गृहस्थांना मी बोलावून ठेवलंय. मार्चअखेर या, दरेकशाला उतरा, पहाटे चारला उठावं लागेल, गाडी नाही, पायी जायचं. काही दिसेलच असं नाही.