हाडांत मुरलेले पाणी

‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ असे आपण संशय आला की सहज म्हणून जातो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत मात्र पाणी खरोखरच मुरले आहे, आणि तेही माणसांच्या हाडांत! या रोगाचे नाव फ्लोरोसिस. मी कला शाखेचा विद्यार्थी. हाडांचे रोग हा विज्ञानवाल्यांचा प्रांत, असे कोणी म्हणेल. परंतु हा रोग जितका शरीराचा तितकाच समाजाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रोगाची कुळकथा थोडक्यात अशी. काही खडकांत फ्लोराइड असते. ते जमिनीखालच्या पाण्यात हळूहळू उतरते. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ते चालते. दुसरे पाणीच नसेल तर भारतीय मानक १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा देते. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले की हाडांत साठते. लहानपणीच दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात. पुढे सांधे आखडतात, पाठीचा कणा वाकेनासा होतो, काही मुलांचे गुडघे आत वळतात. हाडे जड होतात, पण बळकट होत नाहीत. तेव्हाच्या मद्रास इलाख्यात या रोगाची नोंद १९३७ सालीच झाली होती. म्हणजे आपल्याला ठाऊकच नव्हते, असे म्हणायची सोय नाही.

१९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात गावोगाव बोअर खोदले गेले. ते खोदणाऱ्यांना मी दोष देत नाही. उघड्या विहिरीच्या गढूळ पाण्यापुढे हापशाचे नितळ पाणी वरदान वाटले, आणि पुष्कळ गावांत ते वरदान ठरलेही. पण पाणी किती फुटांवर लागले हे सर्वांनी विचारले. त्या पाण्यात काय आहे, हे फार थोड्यांनी. फ्लोराइड डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते.

याहून मला बोचते ती आपली वृत्ती. दात रंगलेल्या मुलाला आपण विचारतो, “काय रे, खर्रा खातोस का?” हसताना तोंडावर ओढणी धरणाऱ्या मुलीला पाहायला आलेले लोक न बोलता परत जातात. कंबर धरून चालणाऱ्या मजुराला आपण ‘वय झाले’ म्हणून मोकळे होतो. ज्याचा काही अपराध नाही त्यालाच अपराधी ठरवायचे, हा कुठला न्याय? ज्याची ऐपत आहे तो विकतचे शुद्ध पाणी आणतो. ज्याच्या ताटात दूध नाही, भाजी नाही, त्याच्यावर हा रोग अधिक जोराने घाव घालतो.

एकदा आखडलेला कणा पूर्ववत करणारे औषध नाही. पण रोग टाळता मात्र नक्की येतो. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने तुरटी व चुना वापरून फ्लोराइड काढण्याची ‘नलगोंडा पद्धत’ कधीच शोधून दिली आहे. पावसाचे पाणी साठवता येते; तपासून घेतलेल्या उथळ विहिरीचे पाणी पिता येते. केंद्र सरकारनेही २००८-०९ मध्ये या रोगासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पण योजना दिल्लीत आखली, तरी हापशाचा दांडा गावातच हलतो!

म्हणून माझी एक सूचना आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, शोषखड्डे खणतो, समारोपाला भाषणे करतो. या खेपेस गावातील प्रत्येक हापशाचे पाणी बाटलीत भरून सरकारी प्रयोगशाळेत तपासून आणावे. पिण्यास अयोग्य ठरलेला हापसा लाल रंगवावा. ते पाणी धुण्याभांड्यांना खुशाल वापरावे, पण घशाखाली उतरवू नये. आणि मग घरोघर जाऊन, ओट्यावर बसून, हे सारे आयाबायांना समजावून सांगावे. पाण्यातील फ्लोराइड मोजणे हे विज्ञानाचे काम खरे. पण तो आकडा गावाच्या भाषेत गावाला सांगणे, हे काम आपल्या कला शाखेचे नव्हे तर कोणाचे?