‘बनवाबनवी’ आम्हांला का आवडते?

विनोदी चित्रपटाचे नाव काढले की शिकलेली मंडळी थोडेसे नाक मुरडतात. गंभीर चित्रपट तो कलेचा आणि हसवणारा तो वेळ घालवण्याचा, अशी एक वाटणी आपल्याकडे होऊन बसली आहे. त्यातही वेषांतर, ओळखीचा घोटाळा, साडी नेसलेला पुरुष आणि शेवटी जोड्या जुळणे असा मामला असला, तर त्यावर लिहिणेसुद्धा कमीपणाचे वाटते. ही वाटणी मला मान्य नाही. म्हणून ‘अशी ही बनवाबनवी’ या चित्रपटाविषयी चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

हा चित्रपट १९८८ साली पडद्यावर आला. दिग्दर्शन सचिन यांचे आणि लेखन वसंत सबनीस यांचे. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य लिहिणारे तेच सबनीस. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’ या हिंदी चित्रपटाची. आज द्वितीय वर्षात शिकणारे आम्ही कोणी तेव्हा जन्मलोही नव्हतो. तरीसुद्धा सेनगावच्या एस.टी.त किंवा कॉलेजच्या कट्ट्यावर कोणी धनंजय मानेंचा पत्ता विचारला, की पलीकडून पुढचे वाक्य आलेच म्हणून समजा. इतकी वर्षे टिकणारी गोष्ट नुसती पांचट असेल का?

कथा सर्वांना ठाऊक आहे. पुण्यात राहणाऱ्या धनंजयला (अशोक सराफ) घरमालक सरपोतदार (सुधीर जोशी) घराबाहेर काढतात. दुसरी जागा सापडते ती लीलाबाई काळभोर (नयनतारा) यांच्याकडे, पण अट अशी की जागा फक्त जोडप्यांनाच मिळेल. मग परशुरामची (लक्ष्मीकांत बेर्डे) पार्वती होते, सुधीरची (सचिन) सुधा होते, आणि धनंजय व शंतनू (सिद्धार्थ रे) त्यांचे नवरे होतात. पुढे हे चौघेही खरोखरीच्या प्रेमात पडतात आणि जागेसाठी घेतलेले सोंग त्या प्रेमाच्या आडवे येते. हसू येते ते या ओढाताणीमुळे.

आता असे पाहा. ओळख लपवण्याची गोष्ट जगभर सांगितली गेली आहे, परंतु ओळख कशासाठी लपवली हे प्रत्येक ठिकाणी वेगळे आहे. बिली वाइल्डर यांच्या ‘सम लाइक इट हॉट’ (१९५९) या अमेरिकन चित्रपटात दोन वादक बायकांचा वेष घेतात, कारण त्यांनी गुंडांना खून करताना पाहिलेले असते. तेथे जिवाची भीती आहे. आचार्य अत्र्यांनी ‘मोरूची मावशी’ ज्या ‘चार्लीज् आंट’ (१८९२) वरून घेतले, त्यात वडीलधारी बाई हजर असल्याशिवाय मुलींना विद्यार्थ्यांच्या खोलीवर जेवायला बोलावता येत नाही, म्हणून खोटी मावशी उभी करावी लागते. आपल्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’ (१८८२) नाटकात अर्जुन यती होतो, कारण बलरामाने सुभद्रा दुर्योधनाला द्यायचे ठरवले आहे. आणि ‘बनवाबनवी’त? तेथे खून नाही, दुर्योधन नाही. केवळ एक भाड्याची खोली आहे!

माझ्या मते या चित्रपटाचे सारे यश येथे आहे. सोंग कोणत्या दाराशी घ्यावे लागते हे पाहिले, की त्या समाजात कोणते दार बंद आहे ते कळते. गावाकडून शहरात गेलेल्या माणसाला सर्वांत आधी भेटते ते भाड्याच्या खोलीचे बंद दार. माझा मामेभाऊ स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्याला गेला, तेव्हा चार ठिकाणी ‘एकटे आहात का?’ असे विचारूनच त्याला परत पाठवले गेले. दिवाळीला घरी आल्यावर त्याने ‘बनवाबनवी’ पुन्हा पाहिला आणि आमच्यापेक्षा जास्त हसला. ते हसणे वेळ घालवण्याचे नव्हते.

दुसरे कारण मला आणखी महत्त्वाचे वाटते. अशा चित्रपटात सगळे रहस्य प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक असते. पार्वती कोण, सुधा कोण, हे आपल्याला माहीत. अजाण असते ती घरमालकीण. ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजात गेलेले नाही, त्यांना विचारा या सुखाची किंमत! आमचे एरवी उलट असते. शिष्यवृत्तीचा अर्ज कोठे भरायचा, कोणता दाखला कोणत्या कचेरीत मिळतो, ‘ऑनर्स’ म्हणजे काय, हे सगळ्या जगाला माहीत आणि अजाण असतो ते आम्ही. माझे वडील सोयाबीन आणि हळद पिकवतात. पिकाचे त्यांना सारे कळते, पण माझ्या प्रवेशाच्या दिवशी खिडकीपाशी ते गप्प उभे होते. दोन-अडीच तास का होईना, ज्यांना सर्व ठाऊक आहे अशांत आम्हांला बसवणारा चित्रपट आम्हांला आवडला, तर नवल ते काय?

आणि खरे सांगायचे, तर सोंग आम्हीही घेतो. घरी ‘काहून’ म्हणणारी मी वर्गात ‘का’ म्हणते. घरी ‘महं पुस्तक’, कॉलेजात ‘माझे पुस्तक’. प्राध्यापकांपुढे बोलताना एखादा शब्द घरचा निघेल की काय, अशी धास्ती वाटते. पार्वतीचा पदर घसरतो तेव्हा सगळे थिएटर का श्वास रोखते, हे आम्हांला शिकवावे लागत नाही. पकडले जाण्याची भीती आम्ही रोज अनुभवतो. चित्रपट त्या भीतीला हसायला शिकवतो, आणि सोंग उघडे पडले तरी माणूस वाईट ठरत नाही असा धीर देतो. अश्रू ढाळणाऱ्या कितीतरी चित्रपटांनी मला एवढा धीर दिलेला नाही.

याचा अर्थ हा चित्रपट निर्दोष आहे असे नव्हे. लीलाबाई एकच प्रश्न विचारतात, लग्न झाले आहे का? खऱ्या घरमालकांचा आणखी एक प्रश्न असतो, ‘आडनाव काय?’ माझ्या मामेभावाला तोही विचारला गेला. त्या प्रश्नासाठी घ्यावे लागणारे सोंग इतके हलकेफुलके राहिले नसते. तो प्रश्न बाहेर ठेवला म्हणूनच चित्रपट खेळीमेळीचा राहिला, हे आपण हसता हसता लक्षात ठेवले पाहिजे.

दुसरी उणीव आम्हां मुलींची. पुरुषाने साडी नेसली की सभागृह शिट्ट्यांनी दणाणते. पण एकट्या मुलीला खोली हवी असेल तर तिने काय करावे? पदवीनंतर एम. ए. साठी मला छत्रपती संभाजीनगरला जायचे आहे. घरी प्रश्न पैशांचा आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न आत्या विचारते, “एकट्या पोरीला ठेवून कोण घेईल, बाई?” शेक्सपियरच्या ‘ट्वेल्थ नाईट’मधील व्हायोला जहाज फुटून परक्या मुलखात येते. तिला तेथे कोणाचा आधार नसतो, म्हणून ती पुरुषवेष घेते. त्यातूनच प्रेमाचे सारे घोटाळे होतात आणि चारशे वर्षे लोक त्यावर हसत आले आहेत. म्हणजे मुलीच्या सोंगातूनही निर्मळ विनोद निघू शकतो. मराठीत तो निघायला काय हरकत आहे?

म्हणून माझी दोन मागण्यांची विनंती आहे. प्राध्यापक मंडळींनी ‘संशयकल्लोळ’ शिकवताना ‘बनवाबनवी’चे नाव घ्यायला संकोचू नये. गोविंद बल्लाळ देवल यांचे ते नाटकही गैरसमजावरच उभे आहे, आणि आज ते आपल्याला अभिजात वाटते. आणि विद्यार्थी मित्रांनो, दर स्नेहसंमेलनात तुम्ही साडी नेसून टाळ्या घेताच. पुढच्या वर्षी एक प्रहसन आम्हां मुलींना बसवू द्या. गावाकडची एक मुलगी, शहरातली एक खोली आणि वडिलांचा सदरा-धोतर. शिट्ट्या वाजवायला तुम्हांला पूर्ण मोकळीक राहील. फक्त हसून झाल्यावर, ती मुलगी सोंगाशिवाय गेली असती तर ते दार उघडले असते का, एवढा विचार घरी जाताना करावा.

(बी. ए. द्वितीय वर्ष)