आधी निदान करा, मग पाना हातात घ्या

"जुनीच बरी होती रे गाडी." परवा सोलापूरहून डॉक्टरांकडून परत येताना आई मागच्या सीटवरून एवढंच म्हणाली आणि माझं डोकं फिरलं. गाडी तीच आहे ओ, जुनीच. नवं आहे ते तिच्या पोटाखालचं. पुढचे दोन्ही शॉकअप, मागचे दोन्ही शॉकअप, लोअर आर्म, लिंक रॉड, माउंटिंग आणि चारही टायर. चाळीस हजाराच्या घरात बिल गेलं. आईच्या मणक्याचा त्रास वाढला, डॉक्टर म्हणाले गचके टाळा, म्हणून तर केलं हे सगळं. आणि काम झाल्यावर गाडी आधीपेक्षा जास्त आदळायला लागली.

गॅरेजवाल्याकडे परत गेलो. (नाव लिहिणार नाही, भांडण त्या एकट्याशी नाही.) तो म्हणाला, "साहेब, नवीन हाय, बसंल हळूहळू." टायरवाल्याकडे गेलो, तो म्हणाला शॉकअप हलक्या कंपनीचे टाकलेत. परत गॅरेजला, तर "होटगीचा रस्ता कसा हाय म्हाईत हाय न्हवं तुमाला?" रस्त्याचं काम बघणाऱ्या कचेरीत ओळखीचे एक साहेब आहेत, त्यांना चहावर विचारलं. ते हसून म्हणाले, "पत्रकार साहेब, आधी गाडी दाखवा एकदा." म्हणजे गॅरेज म्हणतंय रस्ता बघा, रस्तेवाले म्हणतायत गाडी बघा, आणि मागच्या सीटवर आईचा मणका.

मग मी ठरवलं, आपणच बघू. डिप्लोमाला आम्हाला शिकवलं होतं की दोघं परस्परविरोधी बोलत असतील तर खिडकी उघडून बाहेर बघा पाऊस पडतोय का. तेच केलं.

पहिली गोष्ट हवा. मोजायला एक रुपया लागत नाही म्हणूनच कुणी मोजत नाही. दाराच्या चौकटीवर कंपनीचं स्टिकर असतं, माझ्या गाडीला ३३ पीएसआय लिहिलंय. (हा हवेचा पीएसआय, पोलिसातला नव्हे. तो वेगळ्या पद्धतीने दाब टाकतो.) सकाळी गाडी हलवायच्या आत, टायर थंड असताना मोजली, तर ४२! टायर रिमवर बसवताना हवा जास्त भरतात, ते बरोबर आहे. नंतर ती उतरवायची असते, ती उतरवलीच नव्हती. फुग्यासारखा ताठ झालेला टायर दबणार कसा? टायर हासुद्धा एक स्प्रिंगच आहे, बारीक खडीचा पहिला धक्का तो खातो. ३३ वर आणली आणि निम्मी खडखड तिथंच गेली. खर्च शून्य.

दुसरी गोष्ट ऐका, कारण ही निम्म्या गॅरेजांत होते. लोअर आर्मला रबराचा बुश असतो. त्याचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, तिचं वजन चाकांवर आलेलं असताना शेवटचा आवळायचा असतो. आपल्याकडे गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळतायत आणि तिथंच पाना मारून मोकळे. गाडी खाली उतरली की आत रबर पिळलेलं राहतं. ते पिळलेलं रबर मग चाकाला मोकळं वरखाली होऊ देत नाही. वर बुश लवकर फाटतो, म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा गिऱ्हाईक तयार. मी दुसऱ्या एका मेस्त्रींकडे गेलो, म्हातारे आहेत, दुकानाला पाटीसुद्धा नाही. त्यांनी खड्ड्यावर गाडी उभी केली, बोल्ट सैल केले, गाडी हाताने दोन-चार वेळा दाबून बसवली आणि मग आवळले. दोनशे रुपये घेतले. म्हणाले, "पार्ट चांगलेच हायत, बसवायला कुणी बसलंच न्हाई."

बाकीचं पटकन सांगतो. शॉकअप आणि स्प्रिंग आपल्याच मॉडेलचे आहेत का बघा. डिझेल गाडीचं इंजिन जड, तिची स्प्रिंग कडक. ती पेट्रोल गाडीला घातली तर बैलगाडी होते. टायर रुंद आणि रिम मोठी करायच्या नादी लागू नका. आमच्या एका पाहुण्याने १६५/८० आर १४ काढून १८५/६५ आर १५ टाकले. दिसतात झकास. पण हिशोब करा, टायरची बाजूची भिंत १३२ मिलिमीटरची १२० झाली, म्हणजे रस्ता आणि तुमच्या बुडामधलं १२ मिलिमीटर रबर-हवा पैसे देऊन कमी केली. टायरवर चार आकडी तारीख असते, आठवडा आणि वर्ष. दुकानात तीन वर्षं पडून राहिलेलं 'नवीन' टायर नवीन नसतं. आणि हेही खरं की जुने शॉकअप मेलेले असले की गाडी होडीसारखी डुलते, त्याची सवय झालेल्या माणसाला नवे कडकच वाटतात.

एवढं केल्यावर गाडी विजयपूरच्या चौपदरी रस्त्यावर नेली. आई मागे, वेग सत्तर. पाच मिनिटांनी मागे बघितलं तर आई झोपली होती. म्हणजे गाडीचं निदान संपलं. गाडी ठीक आहे. परत फिरून गावच्या रस्त्याला लागलो आणि आई जागी झाली.

आता बोलू रस्त्याचं.

माझा राग खड्ड्यावर नाही. खड्डा पडतो. माझा राग आहे तो त्या गॅरेजवाल्याच्या सवयीवर, जी रस्त्याच्या कारभारातही जशीच्या तशी आहे: काय बिघडलंय ते न शोधता पार्ट बदलत राहायचं. खड्डा दिसला, टाक मुरूम. मुरूम वाहून गेला, टाक खडी-डांबर, मार वरून फावड्याने. पुढच्या पावसात तोच खड्डा, शेजारी पिल्लू. का पडला हे कुणी विचारलं? खड्डा बहुतेक वेळा पाण्याचा असतो. भेगेतून पाणी आत जातं, खालचा थर सैल होतो, वरून जड चाक गेलं की तुकडा उडतो. आपल्याकडे खाली काळी माती, ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. त्यात साइडपट्टीवर मुरूम टाकून टाकून ती रस्त्यापेक्षा उंच करून ठेवायची आणि गटार बुजवायची. पाणी जाणार कुठं? रस्त्यातच बसणार. तिथं वरून कितीही डांबर ओता, तो पिळलेल्या बुशवर नवा शॉकअप आहे.

दुसरं वजन. होटगीला लोक रेल्वे जंक्शन म्हणून ओळखतात, गदगची गाडी इथून फुटते, वाडीची इथून. पण रस्त्यावरचा माल काही कमी नाही. सिमेंट, राख, कोळसा आणि हंगामात ऊस. ड्रायव्हरला शिव्या देऊन उपयोग नाही. २०१८ मध्ये केंद्राने एका अक्षावरची परवानगीच १०.२ टनांवरून ११.५ टन केली. रस्त्याच्या इंजिनिअरिंगमध्ये जुना ठोकताळा आहे, अमेरिकेत १९५८ ते ६० दरम्यान मुद्दाम ट्रक फिरवून काढलेला: नुकसान वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. म्हणजे वजन साडेबारा टक्क्यांनी वाढलं की रस्त्याची झीज साधारण ६० टक्क्यांनी वाढते. परवानगी एका सहीने वाढली. खालच्या थराची जाडी कुठल्या सहीने वाढली, ते दाखवा.

आणि तिसरं, गतिरोधक. हे तर आपलंच पाप आहे, सरकारचं एकट्याचं नाही. अपघात झाला की त्या संध्याकाळी रास्ता रोको, आणि दुसऱ्या दिवशी तिथं एक उंचवटा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, अलगद चढून अलगद उतरणारा. आधी फलक हवा, वर पांढरे पट्टे हवेत. ताशी २५ ने गेलात तर पोटातलं पाणी हलू नये असा त्याचा हिशोब आहे. आपल्या गल्लीतले बघा, रुंदी हातभर आणि उंची विचारू नका. तो गतिरोधक नाही, तो बांध आहे. त्याने वेग कमी होतो तो फक्त नव्या माणसाचा, एकदाच.

आता खरी गंमत. रस्ता किती खडबडीत आहे हे मोजता येतं. मत नाही, आकडा. बंप इंटिग्रेटर नावाचं यंत्र आहे, गाडीमागे ताशी ३२ किलोमीटरने ओढतात, त्याचं एक चाक किती वरखाली झालं त्याची बेरीज करून किलोमीटरमागे मिलिमीटर देतं. डांबरी काँक्रीटच्या रस्त्याला २००० च्या आत असेल तर चांगला, ३००० च्या वर गेला तर वाईट. जगभर वापरतात तो 'आयआरआय' नावाचा निर्देशांक १९८२ मध्ये ब्राझीलमधल्या प्रयोगांतून पुढे आला. तो काय आहे माहितीय? एक काल्पनिक चाक, एक स्प्रिंग, एक शॉकअप, आणि ते ताशी ८० ने या रस्त्यावरून गेलं तर किती हललं असतं त्याचा हिशोब. म्हणजे रस्ता मोजायची जगाची पट्टी हा एक शॉकअपच आहे! जे यंत्र सांगणार तेच आमच्या आईचा मणका रोज फुकट सांगतोय, फक्त त्याचा अहवाल कुणी घेत नाही.

मोजायचं म्हटलं की आपल्याला येतं, बरं का. याच होटगी रोडवर विमानतळ आहे. विमानाच्या वाटेत येते म्हणून जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली. सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी विमानतळाचं उद्घाटन केलं, जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान उडालं. चांगलं झालं, सोलापूरला हवंच होतं. धावपट्टीच्या आंतरराष्ट्रीय नियमात तीन मीटरची सरळ पट्टी ठेवली तर खाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसता कामा नये, असं लिहिलंय. तीच तीन मीटरची पट्टी रस्त्याच्या कामाच्या नियमांतही आहे. विमानातल्या माणसासाठी ती बाहेर निघते, एसटीतल्या माणसासाठी कपाटात राहते.

"गाडीवाल्यांचं रडगाणं" असं कुणी लिहिणार असेल तर आधीच सांगतो. माझ्याकडे चार शॉकअप आहेत. वडापच्या रिक्षात मागे उलटं बसून जाणाऱ्या बाईकडे काय आहे? तिचं चाक ताटाएवढं, म्हणजे त्याच खड्ड्यात ते जास्त खोल जातं. तिच्यासमोर मी तक्रार करायला लाजतो, पण तिचा अर्ज कुणी घेत नाही म्हणून माझा देतोय.

कोर्टाने आपल्या बाजूने बोलून झालंय. चांगले रस्ते हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये भरपाईही ठरवली, खड्ड्याने जीव गेला तर ६ लाख, जखमी झाला तर ५० हजार ते अडीच लाख. मेल्याचा भाव ठरला, जखमेचा ठरला. रोज थोडं थोडं झिजणाऱ्या मणक्याला त्यात रकाना नाही. आणि आपण पैसे कमी देतो का? दहा लाखांच्या आतली पेट्रोल गाडी घ्या, नोंदणीलाच ११ टक्के कर. त्या रस्त्याने फुटलेले शॉकअप बदला, त्यावर पुन्हा जीएसटी. सप्टेंबर २०२५ मध्ये २८ चा १८ केला म्हणून पेढे वाटले. रस्ता जितका वाईट, तितकी पार्टांची विक्री, तितका कर.

सोमवारी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. चारच प्रश्न आहेत. या रस्त्याचा खडबडीतपणा शेवटचा कधी मोजला आणि आकडा किती आला? दोषदायित्व कालावधी कधी संपतो आणि तोवर दुरुस्ती कुणाच्या खर्चाने झाली? रस्त्यावरच्या गतिरोधकांपैकी मंजूर किती? गटारीसाठी अंदाजपत्रकात तरतूद किती आणि खर्च किती? गावातल्या पोरांनी शनिवारी माझ्याबरोबर यावं, मोजपट्टी आणि खडू मी आणतो. एकेका गतिरोधकाची उंची-रुंदी लिहून घेऊ, फोटो काढू, अर्जाला जोडू. आपल्या दारासमोरचा बांध ज्याने स्वतः घातलाय त्यानेही यावं, त्याचाही मोजणार आहे.

आणि हो, गाडीत हवा मोजायचं मीटर आहे. साडेतीनशेचं. ज्याला आपली मोजायची असेल त्याने सकाळी, गाडी काढायच्या आधी घरी यावं. आई चहा देईल, फक्त तिला पुन्हा डॉक्टरांकडे कधी न्यायचं ते विचारू नका, ती नाहीच म्हणतेय.